दादाचं दुसरं डोकं

थोरला अग्निशमन दलात होता आणि धाकटा कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. धाकट्याचं नाव आईनं लहानपणी बारक्या पाडलं, ते त्याची चाळिशी जवळ आली, कानशिलं पांढरी झाली, तरी सुटलं नाही.

लॅबमध्ये बारक्या दिवसभर लोकांचे दात करायचा. मेण तापवायचं, कोरायचं, साच्यात घालायचं, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करायच्या. घरी आला की पॅसेजमधल्या खिडकीखालच्या टेबलावर त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. दुकानात मिळणाऱ्या वीतभर उंचीच्या अॅक्शन फिगर तो आणायचा. सैनिक, पाणबुडे, मोटारसायकलवाले, काय मिळेल ते. त्यांची डोकी उपटून टाकायचा आणि स्वतः केलेली डोकी बसवायचा. दोन भागांची पुट्टी एकत्र मळायची, फिगरच्या मानेवरच्या गोल टोकावर बसेल अशी खालून खोबण ठेवायची आणि पुट्टी कडक व्हायच्या आत लॅबमधल्याच कोरण्यांनी नाक, पापण्या, ओठ काढायचे. वरून हेल्मेट. हेल्मेट निघालंच पाहिजे ही त्याची अट. दुकानातल्या फिगरचं हेल्मेट एक तर डोक्याला चिकटवलेलं असतं, नाहीतर निघतं आणि खाली भोपळ्याएवढं डोकं असतं. बारक्या डोकं अंमळ लहान घ्यायचा, केस चापून बसवायचा. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी पातळ कवचं करायचं एक यंत्र लॅबमध्ये होतं, त्यावरच प्लॅस्टिक तापवून तो हेल्मेट ओढायचा. बोटाच्या टोकानं उचललं की ते अलगद सुटायचं आणि खालून माणूस निघायचा. फिगर जमवणारे लोक कुठून कुठून त्याला फोटो पाठवायचे आणि वाट बघत बसायचे.

आईला मात्र ते टेबल डोळ्यांसमोर नको असायचं. "थोरला आगीत शिरतो," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आणि हा बाहुल्यांना टोप्या घालतो."

दादा कधी चेष्टा करायचा नाही. पण आईला गप्पही करायचा नाही. "आईचं काय मनावर घेतोस," म्हणून बारक्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि जेवायला बसायचा.

मग रंगाच्या गोदामाला आग लागली. दादा आत गेला आणि वरचं छत खाली आलं.

दलाच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याला एकट्याला इस्पितळात बोलावून घेतलं. त्याला कारण होतं. शाळेत असताना दादाचा पुढचा एक दात तुटला होता आणि त्यावरची टोपी पुढे बारक्यानं लॅबमध्ये केली होती. दादा स्टेशनवर सगळ्यांना ती दाखवायचा. "माझ्या भावानं केलाय. ओळखा बघू कुठला खरा नि कुठला खोटा." आता ओळख पटवायला तेवढी एकच खूण उरली होती.

बारक्या आत गेला. हेल्मेट वितळून बसलं होतं, ते डॉक्टरांनी कापून बाजूला ठेवलं होतं. त्यानं दात बघितला आणि "हो" म्हणाला. पण दात बघायचा म्हणजे बाकीचंही बघावं लागतं. ते त्यानं बघितलं.

"घरच्या बायकांना दाखवू नका," साहेब बाहेर म्हणाले. "आम्ही पूर्ण बांधूनच आणतो."

घरी आई दारातच उभी होती. वहिनी तिच्या मागे भिंतीला टेकून.

"तोंड?" आईनं विचारलं.

"तोंडाला काही झालेलं नाही," बारक्या म्हणाला. वाटेत त्यानं काहीच ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. "धुरानं गेला. झोपल्यासारखा दिसत होता."

वहिनी भिंतीला धरून खाली बसली. "निदान तेवढं तरी," असं काहीतरी ती पुटपुटली.

दादाला आणलं तेव्हा आई पुढे झाली. "एकदा बघू दे मला. झोपल्यासारखा आहे म्हणतोस ना?" ती कापडाच्या गाठी सोडायला लागली. बारक्यानं तिची दोन्ही मनगटं धरून तिला मागे ओढलं. "आई, नियम आहे. उघडता येत नाही." तिनं त्याच्या हाताला नखं मारली. त्यानं सोडलं नाही.

पुढचे काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. नातेवाईक, शेजारी, दादाच्या स्टेशनवरची माणसं. आईची धाकटी बहीण, मावशी, तर मुक्कामालाच आली होती. आई खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची. "तोंड धड होतं म्हणे. मग मला का नाही बघू दिलं? स्वतः जाऊन डोळे भरून बघून आला आणि मला ढोरासारखं मागे ओढलं." आणि एका दुपारी, खोली गच्च भरलेली असताना, ती म्हणाली, "न्यायचंच होतं तर हा होता की. घरात दोघं होते. नेमका कामाचा गेला आणि हा मला ठेवला."

बारक्या तिथेच होता. सगळ्यांना पाणी देत होता. मावशी म्हणाली, "ताई, काय बोलतेस." बारक्यानं राहिलेल्यांना पाणी दिलं आणि पॅसेजमध्ये जाऊन बसला.

खरं सांगून टाकावं असं त्याला त्या दिवसांत बरेचदा वाटलं. पण मग वहिनीचं काय? ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. महिनाभरानं कामावर जायला लागली, जेवायला लागली. एकदा स्वयंपाकघरात तिनं त्याला हळूच विचारलं होतं, "भाऊजी, खरंच ना? झोपल्यासारखे?" तो म्हणाला, "खरंच." तिला ते पुरलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर ती उभी होती, हे त्याला दिसत होतं.

त्याला स्वतःला मात्र ते पुरत नव्हतं. मेणावर कोरणी धरली की इस्पितळातलं ते तोंड समोर यायचं. त्याच्यावर दुसरं काहीतरी घालावं म्हणून त्यानं दादाचं डोकं करायला घेतलं. जुने फोटो खिडकीला चिकटवले. पहिली काही डोकी त्यानं करून ठेचून टाकली. एकाचं कपाळ चुकलं, एक हुबेहूब बारक्याच झालं, कारण भाऊ एकमेकांसारखे असतात आणि हाताला स्वतःचं तोंड जास्त ठाऊक असतं. शेवटी एक जमलं. डावी भुवई जरा वर, हसू यायच्या बेतात असलेले ओठ, आणि किंचित दिसणारा तो पुढचा दात, बाकीच्यांपेक्षा नखभर पांढरा. अंगावर दलाचा कोट, पायात बूट, आणि डोक्यावर निघणारं हेल्मेट, पुढे काच असलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना बघतो तर टेबलावर फिगर नाही. आई तिच्या खोलीत पलंगावर बसली होती. मांडीवर दादा, आणि बाजूला चादरीवर टोपणाएवढं हेल्मेट. ती अंगठ्यानं त्याचं कपाळ चोळत होती. बारक्या दारात थांबला.

"नाक बसकं झालंय," ती वर न बघता म्हणाली.

"बदलतो."

"नको. हात लावू नकोस आता. राहू दे माझ्याकडे."

तेव्हापासून दादा तिच्याकडे राहिला. सकाळी उठल्याबरोबर ती हेल्मेट काढून त्याचं तोंड बघायची. रस्त्यावरून बंब घंटा वाजवत गेला की घाईघाईनं हेल्मेट चढवायची. जेवताना त्याला टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायची, हेल्मेट काढून बाजूला ठेवायची आणि त्याच्याशी बोलत जेवायची. वहिनी खाली मान घालून जेवण उरकायची. "छान केलंय तुम्ही, भाऊजी," ती एकदा म्हणाली, "पण मी नाही बघत. मी डोळे मिटून जे बघते तेच बरं आहे."

आई दादाशी बोलायची ते मुख्यतः बारक्याबद्दल. आज भाजी कशी आणली, दिवा कसा चालू ठेवला, लॅबच्या मालकानं कसा पगार वाढवला नाही. एका संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा ती आतून बोलत होती, "तुझ्या वाटचं आयुष्य हा खातोय बघ. आणि खाऊन तरी काय केलं? अंगालासुद्धा लागत नाही मेल्याच्या." बारक्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले, आपल्या टेबलाशी बसला. त्या संध्याकाळी त्याच्या हातून एक पाणबुड्या फुकट गेला.

दर वेळी हेल्मेट काढताघालताना डोकं फिरायचं. त्यामुळे मानेची खोबण सैल पडली आणि डोकं एका बाजूला कलंडायला लागलं. आईला त्याच्याकडे यावंच लागलं. "याची मान बघ जरा," ती म्हणाली. बारक्यानं डोकं काढून कापसात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि कामावर गेला. लॅबमध्ये खोबणीला आतून एक पातळ थर दिला. डबा खाऊन होईपर्यंत काम झालंसुद्धा.

संध्याकाळी तो परत आला तर आई दारात उभी. "आलास?" ती म्हणाली. "दमलास का? चहा टाकते."

आईनं त्याच्यासाठी चहा टाकला होता त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यानं कप हातात घेतला. डोकं खिशातच होतं, बरगडीला लागत होतं.

"झालं का रे ते?"

"नाही," बारक्या म्हणाला. "चिकटवलेलं सुकायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची भाजी होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "लॅबमध्ये काय काम होतं आज?" आणि तो सांगत असताना ती ऐकत बसली, म्हणजे निदान त्याच्याकडे तोंड करून बसली. मिठाच्या बरणीला बिनडोक्याचा दादा टेकवलेला होता, कोट घातलेला, बूट घातलेला. बारक्याला हे सगळं घाणेरडं आहे हे कळत होतं. आणि गोड लागत होतं.

त्यानं डोकं परत दिलं, पण परत मागूनही घेतलं. कधी रंग उडाला म्हणून, कधी भुवई नीट करायची म्हणून. "मला बारक्या म्हणायचं नाही," एका सकाळी तो म्हणाला. संध्याकाळी ती दातओठ खात म्हणाली, "बाळा, जेवायला चल." त्यानं खिशातून डोकं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पुन्हा उचलून नेलं.

आई काही भोळी नव्हती. तिनं एके दिवशी सरळच विचारलं, "काय पाहिजे तुला?"

"सगळ्यांसमोर जे बोललीस ते सगळ्यांसमोर मागे घे."

"काय बोलले मी?"

"तुला माहीत आहे."

"आणि मग देशील? कायमचं?"

"देईन."

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. स्टेशनच्या हॉलमध्ये त्याचा फोटो लागणार होता, त्याचं आमंत्रण द्यायला साहेब घरी यायचे होते. मावशी आली होती, शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. लॅबला त्या दिवशी सुट्टी होती. बारक्याच्या शर्टाच्या खिशात हेल्मेटसकट डोकं होतं आणि आईच्या मांडीवर धड. साहेबांनी आल्या आल्या ते बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली.

चहा झाल्यावर आईनं पदर सारखा केला. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मागे तुम्ही सगळे भेटायला आला होता तेव्हा मी म्हटलं होतं की थोरल्याऐवजी हा जायला पाहिजे होता. हा म्हणतो, ते मागे घे. त्यासाठी माझ्या पोराचं मुंडकं यानं खिशात घालून ठेवलंय. मी चहा करून दिला की देतो, बाळा म्हटलं की देतो. मिनतवाऱ्या करायला लावतो मला." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "तर मी आता सगळ्यांसमोर सांगते. तेव्हा म्हटलं ते रडता रडता म्हटलं होतं. आज शुद्धीवर म्हणते. हाच जायला पाहिजे होता. मुंडकं राहू दे तुझ्याकडे, बारक्या."

मावशीनं बारक्याकडे असं बघितलं की तो उठून उभा राहिला. पण उठून जायचं कुठे ते त्याला सुचेना. शेजारणी मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. शेवटी साहेबच उठले.

बारक्या त्यांना सोडायला दारापर्यंत गेला. "त्यांना आता सांगून टाका ना," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "वर्ष झालं. तुम्ही का म्हणून हे झेलताय? त्यांना मागे का ओढलंत ते कळू दे."

"सांगतो," बारक्या म्हणाला.

त्याला सांगता आलं असतं. आईच्या खोलीत जाऊन, दार लावून, पलंगावर बसून चार वाक्यांत सांगता आलं असतं. ते त्याच्या मनातही आलं. पण सुट्टीच्या दिवशी लॅबची किल्ली घेऊन तो कामावर गेला. आत कुणी नव्हतं. त्यानं पुट्टी मळली.

या वेळी खिडकीला फोटो लावायची गरज पडली नाही. हात एकदाही अडला नाही. नाक ठेवायचं नव्हतं, पापण्या ठेवायच्या नव्हत्या, त्यामुळे काम लवकर होत होतं. एका गालाला त्यानं कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी मटेरियल वापरलं, त्यात लाल धागे मिसळले, आणि ते कडक व्हायच्या आत तापलेल्या सुरीनं ओढलं. ओठ नसल्यामुळे दात सगळे दिसत होते. ते त्यानं एकेक करून बसवले, कारण दात हे त्याचं कामच होतं. पुढचा एक नखभर पांढरा. वरून काळा रंग फवारला. शेवटी हातावर धरून बघितलं तेव्हा इतकं बिनचूक डोकं आपण आजवर केलं नव्हतं, हे त्याला कळलं. मग तो बेसिनपाशी जाऊन ओकला. तोंड धुतलं आणि डोक्यावर जुनंच हेल्मेट बसवून काच खाली ओढली. ते बरोबर बसलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं धड मागितलं. आईनं दिलं. त्यानं पॅसेजमध्ये डोकं अडकवलं आणि फिगर तिच्यासमोर ठेवली.

"घे. कायमचं."

आईनं दोन्ही हातांत घेतलं. तिचा चेहरा सैल पडला. आपण जिंकलो असं तिला वाटलं असावं, आणि जिंकल्यावर माणूस जरा उदार होतो. "बस जेवायला," ती म्हणाली. "निवतंय सगळं."

वहिनी आत भाजी काढत होती. बारक्यानं ताट ओढलं. अजून वेळ होता. हात पुढे करून फिगर काढून घेता आली असती, "थांब, रंग ओला आहे," म्हणता आलं असतं. त्यानं ताटात मीठ घेतलं.

आईनं दादाला बरणीला टेकवलं आणि बोटाच्या टोकानं हेल्मेट उचललं.

ती किंचाळली नाही. तिनं फिगर उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग उठून दिव्याखाली जाऊन उभी राहिली. पाठमोरी होती, त्यामुळे बारक्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. नुसता अंगठा दिसत होता, कपाळावरून गालावर, गालावरून दातांवर फिरणारा. पांढऱ्या दातापाशी तो थांबला.

"हे काय आहे?"

"दादा," बारक्या म्हणाला. "असा होता. झोपल्यासारखा नव्हता. म्हणून तुला मागे ओढलं."

ती वळली. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे, त्याच्या तोंडाकडे, नीट बघत होती. "तू हे बघितलंस?"

"हो."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

तिचा हात जरासा पुढे आला. बारक्याला वाटलं, आता ती आपल्या डोक्याला हात लावणार. तो तिथे बसल्या जागी पुढे झुकलासुद्धा. पण हात टेबलाच्या कडेवर टेकला. आधार घ्यायलाच आला होता तो.

"मग वर्षभर मला खोटं तोंड कशाला दिलंस खेळायला?" आई म्हणाली. "मी त्याच्याशी बोलत होते रे. रोज."

तेवढ्यात वहिनी भाजीचं भांडं घेऊन आली. आईच्या हातात काय आहे ते तिला आधी कळलं नाही. ती जवळ गेली, वाकून बघितलं. कोट ओळखीचा होता, बूट ओळखीचे होते. मग तिला तो दात दिसला. तिनं भांडं टेबलावर अगदी सावकाश ठेवलं, जरासुद्धा आवाज होऊ न देता, आणि दोन्ही हात पोटाशी घेतले.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

बारक्या ताट सोडून उठला.

"खरंच ना म्हणून विचारलं होतं मी."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. सकाळी ती पिशव्या भरून बाहेर आली. भावाला बोलावलं होतं, तो खाली रिक्षात बसला होता. आईला ती वाकून काहीतरी बोलली. आईनं मान हलवली. बारक्या पिशवी उचलायला पुढे झाला, ती तिनं त्याच्या हातून काढून घेतली.

त्यानं खिशातून कापसाची पुडी काढली. पहिलं डोकं. भुवई जरा वर, हसू यायच्या बेतात. "हे तुम्ही न्या, वहिनी."

तिनं पुडी उघडून बघितली. "आता हे तोंड मला दिसणार नाही, भाऊजी. मी काल सगळी रात्र बघायचा प्रयत्न केला. डोळे मिटले की तेच येतंय." तिनं पुडी त्याच्या हातावर परत ठेवली. "तुम्ही ते आईंना लागावं म्हणून केलंत. पण त्या टणक आहेत. लागलं ते मला."

ती जिना उतरून गेली. पुन्हा त्या घरात ती आली नाही. स्टेशनवर फोटो लावला त्या दिवशी ती भावाशेजारी मागच्या रांगेत बसली होती. फोटोवरचं कापड काढलं तेव्हा तिनं खाली बघितलं.

आईनं दुसरं डोकं ठेवून घेतलं. बारक्या म्हणाला, मी ते काढून टाकतो, पहिलं बसवतो. तिनं फिगर छातीशी धरली. "तो गुळगुळीत नको मला. हा माझा आहे. याचं शेवटचं तोंड मला कुणी बघू दिलं नव्हतं." ती पूर्वीसारखीच त्याच्याशी बोलायला लागली, उलट जास्तच, आणि हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं. दुखतंय का, पाणी हवंय का. हेल्मेट मात्र तिनं पुन्हा कधी चढवलं नाही. त्याच्या डोक्याला लागेल, म्हणायची. ते तिनं केराच्या डब्यात टाकून दिलं.

कुणी भेटायला आलं की ती फिगर पुढे करायची. "बघा. माझ्या धाकट्यानं केलंय. अगदी असाच होता. हा एकटाच बघून आला होता." लोक बघायचे, चहा अर्धा ठेवून उठायचे. मावशी एकदा रडली आणि मग फोनवरच बोलायला लागली. शेजारणी यायच्या बंद झाल्या. इतकी वर्षं बारक्याला वाटायचं, आईनं एकदा तरी चारचौघांत आपल्याला माझा म्हणावं. आता ती दर वेळी म्हणत होती.

लॅबमध्ये त्याचा हात चुकायला लागला. विशेषतः हिरड्यांचं गुलाबी मटेरियल कालवताना. एका बाईची कवळी त्यानं दोनदा बिघडवली तेव्हा मालकानं त्याला प्लॅस्टरच्या कामावर बसवलं. पॅसेजमधलं टेबल त्यानं रिकामं केलं. फिगरवाल्यांचे फोटो येत राहिले, मग यायचे थांबले.

आता घरात दोघंच होती आणि जेवायला तिघं बसायची. आई दादाला बारक्याच्या बरोबर समोर ठेवायची. बारक्या ताटाकडे बघत भराभर गिळायचा, कधी ताट घेऊन पॅसेजमध्ये जायचा. तर आई हाक मारायची, "इथे बस. भावाला एकटं टाकून जेवू नये." ती आता त्याला बारक्या म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती.

एका संध्याकाळी त्याच्या हातातला घास खाली पडला. "आई," तो म्हणाला, "मी नवीन हेल्मेट करतो. जेवण होईपर्यंत तरी घाल त्याला. मी पाया पडतो तुझ्या."

आईनं फिगर उचलली, दिव्याकडे धरून फिरवून बघितली, सगळ्या बाजूंनी, बाजारात एखादी वस्तू बघावी तशी.

"का रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "किती बारीक काम आहे हे. हात चांगला आहे तुझा. मला इतकी वर्षं कळलंच नाही."

तिनं दादाला पुन्हा जागेवर टेकवलं आणि भाजीचं भांडं बारक्याकडे सरकवलं.